दर पाचवं घर

इंदूर
११ ऑगस्ट १९९२

ताई,

हे पत्र मी नऊ दिवसांपासून टाळून राहिलोय, हे आधीच सांगून टाकतो. तीनदा इनलँड आणलं. एकावर धनेशने टायरचे नंबर लिहून घेतले, दुसरं पावसात गेलं, तिसरं हे. हे लिहून, चिकटवून, डब्यात टाकूनच पोहे खायचे असं ठरवलंय. समोरच्या ठेल्यावर वाफ निघून राहिलीये, तेव्हा पटकन सांगतो.

जूनच्या शेवटी तुझ्या नावाचं भोपाळचं सरकारी पाकीट घरी आलं. तात्यांनी ते कात्रीने कापून उघडलं, दोनदा वाचलं, आणि ओटल्यावरून समोरच्या अंबिका काकूंना आवाज देऊन सांगितलं की संहिताला लेक्चररच्या मुलाखतीला बोलावलंय. मराठीची एक जागा, आपल्याच इंदूरच्या सरकारी कॉलेजात. २८ जुलै, सकाळी अकरा, भोपाळ. तू पुण्याहून परस्पर भोपाळला जाशील असं त्यांनी धरलं. मला म्हणाले, बंडू, पोस्टात जाऊन पुण्याला रजिस्ट्री कर आणि रसीद आण.

मी निघालो तो रजिस्ट्री करायलाच, एवढं तर मान. पण सियागंजातून जाताना धनेश भेटला. तो माझ्याबरोबर बी.कॉम. सोडलेला, ज्याच्या काकांची हार्डवेअरची पेढी आहे, तोच. ट्रक लोड होऊन उभा होता, खिळे आणि दारांचे कब्जे, नीमचचा माल. म्हणाला, "चल रिया है क्या भिया, शाम तक वापस." नीमचहून लसूण भरून आम्ही चित्तौडला गेलो. तिथे गिअरबॉक्स गेला. तो उघडेपर्यंत मी किल्ला पाहून आलो. वर जायला टांगा मिळतो, पण टांगेवाला सगळा इतिहास घोड्याला सांगतो, आपण मागे बसून जेवढं कानावर पडेल तेवढं ऐकायचं. घोड्याला सनावळी पाठ असणार. असो. आठव्या दिवशी परत आलो तेव्हा माझ्या अंगात धनेशचा शर्ट होता. माझा ट्रकच्या सीटखाली राहिला, आणि पाकीट त्याच्या खिशात. मग ट्रक महिनाभर बाहेरच, ते हाती लागलं दोन ऑगस्टला. मतलब तुझी मुलाखत होऊन पाच दिवस झाले होते, आणि ती होती हेच तुला माहीत नव्हतं.

तात्यांनी रसीद मागितली होती. मी म्हटलं, जपून ठेवलीये. सव्वीस वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात कोण किती वाजता गेटच्या आत आलं हे लिहिणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं सोपं नाही, पण हल्ली ते तोंडाकडे बघत नाहीत. डिसेंबरात मिल बंद झाली तरी सकाळी सहाला आंघोळ करून गेटवर जातात, बाकीच्यांबरोबर उभे राहतात, अकराला घरी. आता त्यात पोस्टमनची वाट बघणं वाढलंय. भोपाळची लिस्ट कधी लागते. संहिता प्रोफेसर होऊन घरी येणार हे त्यांनी गेटवर सगळ्यांना सांगितलंय. मिलचं काय होणार ते कोणालाच माहीत नाही, म्हणून सगळे तुझंच विचारतात.

तर आता तू सांग. त्यांना खरं सांगू की नको? बायकांच्या ओव्या गोळा करून डॉक्टर व्हायला तुझी सहा वर्षं गेली आणि मी ती लसणात घातली, हे मला कळतं.

वैसे एक आयडिया आहे. भंवरकुआंचे कोचिंगवाले बोर्डावर लावायला डॉक्टर शोधून राहिलेत. कशातले डॉक्टर ते विचारत नाहीत. मी एकाला तुझं नाव सांगून ठेवलंय, त्याने लिहूनही घेतलं.

तुझा
बंडू


पुणे
२१ ऑगस्ट १९९२

प्रिय बंडू,

पत्र मिळालं. पोहेही खाल्लेस असं धरते, कारण इनलँडच्या घडीत शेवेचा तुकडा होता. आधी चिकटव, मग खा, हे तुला कधीच जमलेलं नाही.

मुलाखत गेली तर गेली. याआधी मी चार दिल्या. टेबलापलीकडच्या लोकांनी चारांत मिळून ओव्यांबद्दल एक प्रश्न विचारला आणि लग्नाबद्दल अकरा. तेव्हा तू स्वतःला फार छळू नकोस.

तात्यांना काही सांगू नकोस. मी त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात मुलाखत ठीक झाली, निकालाला वेळ लागेल, असं लिहिलं आहे. ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही. या वर्षी त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घ्यायचं माझ्याने झालं नाही. दिवाळीला येईन तेव्हा समोर बसून सांगेन.

कोचिंगवाल्याला माझं नाव खोडायला सांग.

इथे बरं चाललं आहे. विद्यापीठातलं हंगामी शिकवणं मार्चमध्ये संपलं हे तुला माहीत आहे. सध्या कागद तपासायचं काम करते. हॉस्टेलवर आम्ही तिघी डॉक्टर आहोत. परवा मेसच्या मावशींना ताप आला, सगळ्या आमच्याकडे धावत आल्या, आणि तिघींना मिळून एक गोळी सांगता आली नाही. ईशाची पीएचडी संस्कृत नाटकांवर. ती औषधांच्या खोक्यांवरच्या मजकुरातल्या चुका काढते. निधीची तत्त्वज्ञानातली. ती एका बँकेसाठी कर्ज नाकारायची पत्रं लिहिते, आणि म्हणते की तिच्या पत्राला आभाराचं उत्तर येतं. आम्ही हसतो. पण रविवारी तिघीही वर्तमानपत्रातल्या लेक्चररच्या जाहिराती कापून ठेवतो. कशासाठी ते एकमेकींना विचारत नाही.

सकाळी तात्यांबरोबर चहा घेत जा. बोलायलाच हवं असं नाही, नुसता बस.

ताई


इंदूर
१४ सप्टेंबर १९९२

ताई,

तुझं पत्र तात्यांनी ओटल्यावर वाचलं, मग गेटवर वाचलं, मग झांकीच्या मांडवात वाचलं. हो, झांकी यंदाही निघाली. मिलचा भोंगा बंद, पण अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांनी घरोघर चंदा करून गाडा सजवलाच. दरवर्षी मारुतीचा हात मोटरवर वर-खाली व्हायचा. या वेळी मोटर नव्हती म्हणून आत विव्हिंग खात्यातले श्रीकृष्ण काका बसून दोरी ओढत होते. ते दमले की मारुती गदा खाली ठेवायचा. लोकांना तेच आवडलं. "मुलाखत ठीक झाली" हे वाक्य तात्या जरा थांबून वाचतात. आता ते लिस्ट लागेल का असं म्हणत नाहीत, लिस्ट लागायची बाकी आहे असं म्हणतात. हे तुला सांगावं की नाही याचा विचार केला, मग लिहिलं.

खरी बातमी अलग आहे. मला नोकरी लागली.

पुण्याची एक कंपनी आहे, नाव इंग्रजीत, दोन शब्द आणि मध्ये एक चिन्ह. त्यांचा माणूस हरीजी इथे लॉजवर उतरलाय. काम असं, की घरोघर जाऊन बायकांना विचारायचं तुम्ही कपडे कशाने धुता आणि का. बाहेरच्या मोठ्या कंपन्या आता देशात येऊन राहिल्यात, नवी पावडर काढायच्या आधी त्यांना हे माहीत पाहिजे. मिलच्या मोहल्ल्यात पंचवीस वर्षांत कोणी काही विचारायला आलं नाही. आता आलं तर हे.

पण त्याचं शास्त्र आहे. हरीजींनी एक दिवस ट्रेनिंग दिलं. आपल्या नंदानगरच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं, उजवा हात भिंतीकडे ठेवून चालायचं, दर पाचवं घर. घरात जी बाई कपडे धुते तिलाच विचारायचं. ती नसली तर परत जायचं, तीनदा. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं. आपल्या मनाने काही भरायचं नाही. हे शेवटचं हरीजींनी दोनदा सांगितलं.

मी खरोखर उजवा हात भिंतीला लावून चाललो. पहिल्याच घरी बाईने विचारलं, चक्कर येऊन राहिली का. दुसरी म्हणाली, तू टाइमकीपर कृष्णरावांचा बंडू ना, बहीण प्रोफेसर आणि तू हे करून राहिला? तिसऱ्या घरी नवराच दारात आला. मिल बंद झाल्यापासून सगळे नवरे घरीच असतात, हा विचार पुण्याच्या लोकांनी केलेला नाही. म्हणाला, माझ्या बायकोला तू साबण विचारणार? दोन दिवसांत चार फॉर्म, त्यातला एक अर्धा.

रात्रीच्या जेवणाआधी तात्यांनी ते कोरे फॉर्म पाहिले. कोरा रकाना त्यांना सोसत नाही हे तुला माहीतच आहे. कोणी यायची वेळ लिहायला विसरला तर हे त्याच्या घरी जाऊन विचारून यायचे. म्हणाले, आण इकडे. या मोहल्ल्यात कोणाच्या घरी काय चालतं हे मला ठाऊक नाही? चष्मा पुसला, पट्टी ठेवली आणि लिहायला बसले. मी घरांचे नंबर सांगत गेलो, ते बाई कोण ते आठवून उत्तरं लिहीत गेले. हिंदीत, त्या टाइम ऑफिसच्या अक्षरात. तीन दिवसांत चाळीस. माझे चारही त्यांनी नव्याने लिहून काढले, म्हणाले तुझं वाचवत नाही.

त्या तीन दिवसांत ते गेटवर गेले नाहीत. एकदा पोस्टमन येऊन गेला तेही कळलं नाही. मध्येच लिहिता लिहिता हसायचे. मी अडवलं नाही. तू असतीस तर अडवलं असतं का?

हरीजी एवढे खूश की विचारू नको. म्हणाले, पूरे एमपी में ऐसे फॉर्म नहीं भरे किसी ने. गठ्ठा बांधून पुण्याला गेला.

बंडू


पुणे
३० सप्टेंबर १९९२

प्रिय बंडू,

तुझा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे.

ते इंग्रजी नाव माझ्या कंपनीचं आहे. मी एप्रिलपासून इथे आहे. ठिकठिकाणचे फॉर्म येतात, बायकांनी स्वतःच्या शब्दांत जे सांगितलं ते मी वाचते आणि त्याला आकडा देते. कपडे उजळ निघतात म्हणाली तर एक, हात सोलतात म्हणाली तर दोन, परवडत नाही म्हणाली तर तीन. कशातच न बसणाऱ्या उत्तराला नऊ. नऊ म्हणजे इतर. माझ्या आधी इथे जो मुलगा होता तो नऊ दिलं की पुढे जायचा. मी नऊवर थांबते. बायका खरं ते बहुतेक तिथेच सांगतात. दुसरं काम म्हणजे खोटे फॉर्म ओळखणं. त्यासाठी त्यांनी मला घेतलं. मुलाखतीत अर्धा तास ओव्या कशा गोळा केल्या एवढंच विचारत होते: बाई खरं बोलतेय की पाहुणीला बरं वाटावं म्हणून बोलतेय, हे कसं ओळखलंत?

नंदानगरचे फॉर्म मी अक्षराकडे न बघता वाचले, मला तशी सवय लागली आहे. सातव्या फॉर्मला थांबले. चाळीसांतल्या एकतीस बायका शेवटच्या पाण्यात लिंबू पिळतात. एकतीस जणी रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवतात. पंधरा घरांत शर्टाच्या खिशाला शाईचा डाग पडतो आणि त्यावर दूध चोळतात. बंडू, त्या गल्लीत विणणारे राहतात, कातणारे राहतात. शाईचा खिसा एकाच घरात होता.

मी ओव्यांसाठी तीनशे बायकांच्या स्वयंपाकघरात बसले. एका जात्यावर समोरासमोर दळणाऱ्या दोघी एक ओवी सारखी सांगत नाहीत. इथे एकतीस जणी एका तोंडाने बोलतात. ती एकच बाई आहे, आणि तिला जाऊन चार वर्षं झाली. तात्यांना एकाच बाईचं कपडे धुणं माहीत आहे.

तासभर ते फॉर्म समोर ठेवून बसले. मग रद्द केले. दुसरं काही करता आलं असतं असं मला वाटत नाही. हरीजींना पत्र गेलं आहे, खाली "तपासणी अधिकारी" एवढंच आहे, नाव नाही. तुझं काम जाईल. माझं महिनाभरात पक्कं व्हायचं आहे, इंदूरचा अहवाल कसा होतो त्यावर.

आता दुसरं. २८ जुलैची मुलाखत मला माहीत होती. माझ्या गाईड रमाबाईंनी जूनमध्येच कळवलं होतं. मी ठरवून गेले नाही. त्या दिवशी याच कामासाठी सांगलीत एका चाळीत बसले होते. एक बाई साबणापासून सुरू करून सासूपर्यंत आणि तिथून विहिरीपर्यंत गेली, आणि मी लिहून घेत होते. अकरा वाजले तेव्हा घड्याळ पाहिलं, मग पुढचा प्रश्न विचारला. तुझं पत्र आलं तेव्हा मला हे लिहिता आलं असतं. लिहिलं नाही, कारण तुझ्या चुकीच्या आड मला उभं राहता येत होतं. तू चाळीस दिवस उगाच कुढत राहिलास. त्याबद्दल मला वाईट वाटतं.

तात्यांना मीच सांगेन, तू नको. तू त्यांना फक्त फॉर्म परत आले एवढं सांग.

ताई


इंदूर
१० ऑक्टोबर १९९२

ताई,

मी खजराना गणपतीला तीनदा पायी जाऊन माफी मागून आलो होतो. तिसऱ्या वेळी चप्पल गेली. ती चप्पल तुझ्याकडे लागते.

एक दिवस रागावलो. मग धनेशबरोबर उज्जैनला कब्जे पोचवायला गेलो, तिथे एक माणूस पोपटाकडून चिठ्ठी काढवत होता, पोपटाने माझ्यासाठी दोन चिठ्ठ्या काढल्या आणि माणूस म्हणाला यातली तुला आवडेल ती तुझी. परत येईपर्यंत राग कुठे ठेवला ते आठवेना. एक मात्र विचारतो. कॉलेजात शिकवणं मोठं आणि हे लहान, असं तुला वाटतं का? का तात्यांना वाटेल याची भीती? मला विचारशील तर मला दोन्हींतलं काही कळत नाही, पण एकतीस लिंबांवरून आई ओळखायची हे कोणत्या कॉलेजात शिकवतात?

तर तात्यांचं. हरीजी पत्र घेऊन घरीच आले, बिचारे फार ओशाळले होते. तात्यांनी पत्र हातात घेतलं. त्यात लिहिलं होतं, सदर फॉर्म प्रत्यक्ष न विचारता भरल्याचे दिसून येते. सव्वीस वर्षांत त्यांच्या लिहिण्यावर असा शेरा कोणी मारला नव्हता. मला वाटलं आता भडकतात. त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर आहे. कोणीतरी नीट वाचतंय तिथे."

मग हरीजींकडे चाळीस कोरे फॉर्म मागितले. हरीजी म्हणाले, अब क्या फायदा बाबूजी, वरून मना झालीये. तात्या म्हणाले, फायद्याचं नाही, नोंद चुकली आहे. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, आणि उजवा हात भिंतीकडे ठेवून निघाले. मी मागे वीस पावलांवर. त्यांना कोणी चक्कर आली का विचारलं नाही. टाइमकीपर साहेब आले म्हणून बायकांनी पदर सारखा करून पाट टाकला. नवरेही उठून उभे राहिले, एकाला तर उशीर झाल्यासारखं वाटलं असणार, खिशात हात घालून काहीतरी शोधायला लागला. हे दारातच बसायचे, आत जायचे नाहीत. विचारायचे आणि गप्प राहायचे. आणि ताई, ते गप्प राहिले की बायका बोलायच्या. मी बोलत होतो म्हणून त्या गप्प होत्या, एवढीच माझी चूक होती बहुतेक.

पहिल्या दिवशी तीन फॉर्म झाले. घरी येऊन बराच वेळ पाय धूत बसले. मग म्हणाले, "पावडर कोणी वापरत नाही, बंडू. साबणाची बट्टी वापरतात, तीही सुरीने कापून, आठवड्याला एक तुकडा. अंबिका तीन घरची धुणी धुते. रोज समोरून जाते आणि मला ठाऊक नाही." लिंबाचं काही बोलले नाहीत.

आता रोज जातात. ज्या घरी कुलूप तिथे तीनदा. गेटवर जाणं बंद. पण अकराला परत येऊन पोस्टमनला विचारतात, ते चालूच आहे. अंबिका काकूंनी परवा विचारलं, लिस्ट लागली का भाऊजी, तर म्हणाले, सरकारी काम आहे, वेळ लागतो, पण मुलाखत ठीक झाली आहे. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी रस्त्यातल्या गायीकडे बघत होतो.

तुझं मी सांगितलं नाही. तो नीट वाचणारा आपल्याच घरचा आहे, हे जिभेवर आलं होतं. पण तू म्हणालीस मी सांगेन. तर सांग, दिवाळीपर्यंत थांबू नको. रोज अकरा वाजले की मला घरात थांबवत नाही.

उद्या रतलामला जातोय, तिथून पुढे कुठे ते धनेशलाही माहीत नाही. आठवडाभर तरी नाही. तात्या म्हणाले, जा, मला माझं काम आहे.

बंडू


पुणे
२० ऑक्टोबर १९९२, ऑफिसातून

प्रिय बंडू,

हे तुला रतलामहून परत आल्यावर मिळेल. परत आला असशील तर.

तात्यांना लिहायला तीनदा बसले. पहिल्यात इतकी कारणं झाली की ते माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेसारखं दिसायला लागलं. दुसऱ्यात मी मुलाखतीला गेले नव्हते हे पहिल्याच ओळीत लिहिलं आणि दुसरी ओळ सुचली नाही. तिसऱ्यात माझं काम काय ते समजावत होते. बाजारपाहणी, विश्लेषण, असे शब्द टाकले, आणि तात्या हे ओटल्यावर मोठ्याने वाचतील, मग अंबिका काकू विचारतील म्हणजे काय, असं डोळ्यांपुढे आलं. ते फाडलं.

तू विचारलंस मोठं-लहान वाटतं का. मला वाटत नाही. सकाळी इथे येताना मला बरं वाटतं, हे मी गेले सहा महिने कोणालाच सांगितलेलं नाही. पण तात्यांनी मला पुण्याला पाठवलं ते आईच्या पाटल्या विकून. त्या माणसाने गेटवर उभं राहून माझं नाव प्रोफेसर म्हणून घेतलं. ते परत कसं घ्यायला सांगू? लोक त्यांना गेटवर आता दुसरं काय विचारतील?

इंदूरचं अजून लोंबकळत आहे. आमचे रजत सर मुंबईहून शिकून आलेले, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. काल म्हणाले, इंदूर वगळून अहवाल पाठवून द्या डॉक्टर, तुमचं नोकरी पक्की झाल्याचं पत्र मी सही करून टाकतो. मी म्हटलं, थोडं थांबा, तिथे एक जण पुन्हा घरं करतोय. विचारलं, कोण? मी म्हटलं, जुना माणूस आहे, विश्वासाचा. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत. मी हरीजींना तार करून फॉर्म मागवले, त्यांचं उत्तर नाही.

तेव्हा असं ठरवलं आहे की शनिवारी रात्री इथून निघायचं, दिवाळीच्या एक दिवस आधी. घरी पोचल्या पोचल्या, चहाच्या आधी सांगायचं. तू घरी असलास तर बरं. काही बोलायचं नाहीस, पण असावास.

इथपर्यंत लिहिलं आणि शाम आत आला. शाम आमचा शिपाई. म्हणतो, इंदूरहून एक वयस्कर गृहस्थ आलेत, पहाटेच्या बसने उतरून सरळ इथे. पिशवीत चाळीस फॉर्म आहेत. शामने ठेवून जा म्हटलं तर नाही म्हणतात. ज्यांनी आधीचे रद्द केले त्यांच्याच हातात द्यायचे आहेत, पाच मिनिटं पुरतील. नंतर त्यांना मुलीच्या हॉस्टेलवर जायचंय, तिला कळवलेलं नाही. मुलगी प्रोफेसर व्हायची आहे, हे शामला सांगून झालं आहे.

दार अर्धं उघडं आहे. बाकावर बसलेत. ते माझ्याकडे बघत नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतायत. आमचं ऑफिस दहाचं, रजत सर आत्ता पावणेअकराला त्यांच्यासमोरून आत गेले. ती वेळ त्यांनी मनात लिहून घेतली असणार.

शाम विचारतोय, तपासणी अधिकारी बाहेरगावी आहेत असं सांगू का.

मी त्याला माझ्यासमोरची खुर्ची पुसून घ्यायला सांगितलं आहे, आणि मग तात्यांना आत पाठवायला.

ताई